क्रॉनला कालचं काही आठवत नाही

लिनक्सच्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर क्रॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत मागे चालू असतो. दर मिनिटाला तो जागा होतो, आपल्याजवळच्या याद्या बघतो, या मिनिटाला कुणाचं काम लागलेलं असेल तर सुरू करून देतो आणि परत झोपतो. १९७९ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता आणि तेव्हाही दर मिनिटाला उठतच होता. आज लिनक्सच्या डेबियन-उबुंटू या प्रकारांवर जो क्रॉन येतो तो पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वंशज. रेड हॅट आणि फेडोराच्या बाजूला क्रॉनी चालतो, तोही त्याच खोडाला फुटलेला. मधल्या काळात संगणकाचं जग कुठल्या कुठे गेलं, पण वेळेचे पाच रकाने आणि त्यांच्यापुढे एक कमांड ही मांडणी जिथल्या तिथे आहे.

हे पाच रकाने शिकायला अर्धा तास पुरतो, आणि बहुतेकांचं शिकणं तिथेच थांबतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शाळेचा शिपाई ठरल्या वेळी घंटा देतो. वर्गात गुरुजी आले आहेत की नाहीत, मागचा तास संपलाय की नाही, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. क्रॉनचंही तसंच आहे. काल हे काम झालं होतं का, अर्ध्यावर पडलं का, पहिलं अजून चालूच असताना दुसरं सुरू करू नये का, असला कुठलाही विचार तो करत नाही. म्हणून स्मरणशक्ती आणि अक्कल, जी काय लागेल ती, आपल्या स्क्रिप्टमध्ये भरावी लागते. ओळ लिहिणं सोपं आहे; ती ओळ सहा महिने कुणी न बघता नीट चालत राहील असं करणं हे निराळं काम आहे.

उदाहरणाला एक साधी गोष्ट घेऊ. एखाद्या पतसंस्थेच्या हिशेबाचा डेटाबेस आहे आणि त्याचा रोज रात्री अडीच वाजता बॅकअप घ्यायचा आहे. 'क्रॉनटॅब' म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी. 'क्रॉनटॅब -ई' दिलं की ती एडिटरमध्ये उघडते, तिच्यात ही ओळ:

`३० २ * * * /होम/लेखा/बिन/बॅकअप.एसएच`

(इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे लागतात.) पहिला रकाना मिनिटांचा, ० ते ५९. दुसरा तासांचा, ० ते २३. मग तारीख, महिना आणि वार. वारात ० आणि ७ दोन्ही म्हणजे रविवार. तारका म्हणजे 'कुठलाही चालेल'. सेव्ह केलं की झालं, क्रॉन रीस्टार्ट करायची गरज नसते. फाइल बदलली हे पुढच्या मिनिटाला त्याला कळतं.

नवशिक्याच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे मिनिटाच्या जागी तारका ठेवून `* २ * * *` लिहिणं. दोन वाजता एकदा चालेल अशी समजूत असते. चालतं ते दोन ते २:५९ या वेळात दर मिनिटाला, साठ वेळा. बॅकअप एका मिनिटात संपत नसेल तर अडीचच्या सुमाराला सर्व्हर धापा टाकायला लागतो.

'दर अमुक मिनिटांनी' यासाठी तिरपी रेघ आहे: `*/१५` म्हणजे ०, १५, ३०, ४५. पण ही रेघ मध्यांतर मोजत नाही. ती तासातल्या ६० मिनिटांमधून ठरावीक मिनिटं निवडून देते, आणि तास संपला की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. त्यामुळे `*/७` लिहिलं तर ०, ७, १४ असं करत ५६ पर्यंत जातं आणि मग पुढच्या तासाचं ० येतं, म्हणजे शेवटचं अंतर सातऐवजी चार मिनिटांचं. `*/४५` तर सरळ फसवतो: ० आणि ४५, एकदा ४५ मिनिटांचं अंतर आणि एकदा १५ चं. ६० ला नि:शेष भागणारा आकडा असेल तरच ही रेघ आपल्या मनासारखी वागते. दर दीड तासाने काही हवं असेल तर एका ओळीत मांडताच येत नाही, दोन ओळी लागतात: `० ०-२१/३ * * *` आणि `३० १-२२/३ * * *`. बारा, दीड, तीन, साडेचार असं दिवसभर बरोबर बसतं, कारण २४ तासांना दीडने पूर्ण भाग जातो. जिथे जात नाही तिथे क्रॉनच्या नादी न लागणं बरं.

तारीख आणि वार या दोन रकान्यांचं नातं मात्र असं विचित्र आहे की अनुभवी लोकही तिथे अडखळतात. बाकीचे रकाने 'आणि'ने जोडलेले असतात. तारीख आणि वार दोन्ही भरले तर ते 'किंवा'ने जोडले जातात. पतसंस्थेला महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला थकबाकीची यादी हवी आहे. कुणालाही सुचेल ते असं: `० ९ १-७ * १`. यादी निघते एक ते सात तारखांना रोज, आणि शिवाय प्रत्येक सोमवारी, म्हणजे महिन्यातून दहा-अकरा वेळा. यावर उपाय म्हणजे वाराच्या जागी तारका ठेवायची, `० ९ १-७ * *`, आणि आज सोमवार आहे का हे स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'डेट'ला विचारून नसेल तर बाहेर पडायचं. (व्हिक्सी घराण्याच्या क्रॉनमध्ये एक पळवाट आहे: रकान्याची सुरुवात तारकेने झाली असेल तर तो 'किंवा'च्या नियमातून सुटतो. म्हणून `० ९ १-७ * */७` हे खरोखर पहिल्या रविवारीच चालतं. पण पुढे ती ओळ वाचणाऱ्या माणसाची दया येत असेल तर असलं काही लिहू नये.)

वाराची तपासणी स्क्रिप्टमध्ये न ठेवता थेट क्रॉनटॅबच्या ओळीत ठेवली तर आणखी एक खड्डा आहे. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'इथे ओळ तोडा' असा होतो, आणि पहिल्या टक्क्यानंतरचा सगळा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. 'डेट'च्या फॉरमॅटमध्ये तर पदोपदी टक्का. फाइलच्या नावात तारीख घालायला गेलं की ओळ मध्येच तुटते आणि शेल, म्हणजे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, अवतरणचिन्ह बंद झालं नाही म्हणून कुरकुरतो. तीच कमांड टर्मिनलवर चिकटवली की व्यवस्थित चालते, म्हणून संशय नेमका भलतीकडे जातो. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरपी रेघ द्यायची, किंवा त्याहून चांगलं म्हणजे क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता ठेवायचा आणि बाकी सगळं स्क्रिप्टमध्ये. स्क्रिप्टमध्ये टक्क्याला असला काही विशेष अर्थ नसतो.

आता घड्याळाकडे वळू. आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच छळतो, कारण क्लाउडवर घेतलेली बहुतेक मशीन्स यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, लावलेली येतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. भारतीय वेळेने रात्रीचे अडीच म्हणजे यूटीसीचे आदल्या दिवशीचे २१:००. रोजच्या कामाला हे चालून जातं; `० २१ * * *` लिहिलं की काम भागतं. वार आला की विचार करावा लागतो, कारण आपल्या सोमवारचे पहाटेचे अडीच हा तिकडचा रविवार असतो. आणि तारीख आली की पंचाईत होते. समजा एक तारखेला रात्री १२:०५ ला व्याजाची आकारणी चालवायची आहे. यूटीसीत ती वेळ म्हणजे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी १८:३५. शेवटचा दिवस २८, २९, ३० की ३१ हे महिन्यावर अवलंबून, आणि 'महिन्याचा शेवटचा दिवस' असं काही क्रॉनच्या रकान्यात लिहिता येत नाही. कुणी तरी `३५ १८ ३१ * *` लिहून ठेवतं, आणि वर्षातल्या पाच महिन्यांच्या अखेरीला आकारणी होतच नाही.

यातून वाट तीन तऱ्हेने निघते. मशीन फक्त आपल्याच कामाचं असेल तर 'टाइमडेटसीटीएल'ने त्याचा टाइमझोन आशिया/कोलकाता करून टाकायचा आणि क्रॉन सर्व्हिस रीस्टार्ट करायची. हे रीस्टार्ट विसरलं तर चालू असलेला क्रॉन जुन्याच वेळेला धरून बसतो. क्रॉनी असेल तर क्रॉनटॅबच्या वर 'क्रॉन_टीझेड' हा व्हेरिएबल देता येतो. डेबियनच्या क्रॉनमध्ये ही सोय नाही. तिथे 'टीझेड' लिहिलं तर चालणाऱ्या कमांडला आपली वेळ दिसते, पण ती कमांड सुरू कधी करायची हे सर्व्हरच्याच घड्याळावर ठरतं, आणि हा अर्धवट परिणाम माणसाला जास्त गोंधळात टाकतो. सर्व्हर यूटीसीवरच ठेवायचा असेल तर २८ ते ३१ या तारखांना रोज १८:३५ ला स्क्रिप्ट उठवायची आणि 'कोलकात्यात आज १ तारीख आहे का' हे तिलाच विचारू द्यायचं.

घड्याळं मागेपुढे करण्याचा खेळ भारतात नाही, हे आपलं भाग्य. न्यू जर्सीत बसून तिथल्या वेळेवर सर्व्हर चालवणाऱ्यांना तो सोसावा लागतो: मार्चच्या दुसऱ्या रविवारी २ ते ३ हा तासच नसतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ हा तास दोनदा येतो. व्हिक्सीचा क्रॉन ठरावीक वेळेच्या कामांपुरतं हे सांभाळून घेतो. तरी एक ते तीनच्या मधे महत्त्वाचं काही न लावणं हा तिकडचा शहाणपणा.

वेळ बरोबर जमली, काम सुरू झालं, आणि तरी काहीच घडलं नाही, तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं. आपण टर्मिनलवर लॉगिन करतो तेव्हा '.बॅशआरसी', '.प्रोफाइल' अशा फायली वाचल्या जाऊन आपल्याभोवती बरंच काही जमा झालेलं असतं. क्रॉन यातलं काहीही वाचत नाही. त्याचा पाथ, म्हणजे कमांडी जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, एवढाच: '/यूएसआर/बिन' आणि '/बिन'. '/यूएसआर/लोकल/बिन'सुद्धा त्यात नाही. हाताने इन्स्टॉल केलेलं नोड, पायथनचं आभाळाएवढं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, एसएसएच एजंटमध्ये भरलेल्या किल्ल्या, यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. शेलही बॅश नसतो, 'एसएच' असतो, आणि डेबियन-उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश हा बॅशहून साधा शेल. त्यामुळे दुहेरी चौकोनी कंस वापरणाऱ्या कमांडी थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिल्या की कोसळतात. शिवाय काम सुरू होतं ते युजरच्या होम फोल्डरमध्ये, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये नुसतं 'डेटा/यादी.सीएसव्ही' लिहिलेलं असेल तर ती फाइल तिथे सापडत नाही.

क्रॉनला नेमकं काय दिसतं हे बघायचा सोपा उपाय आहे. एक तात्पुरती ओळ लावायची, पाच तारका आणि 'एन्व्ह > /टीएमपी/क्रॉन-एन्व्ह'. मिनिटभर थांबायचं, फाइल उघडायची, ओळ काढून टाकायची. जेमतेम सहा-सात ओळी असतात. मग स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची ठेवायची, दुसऱ्या ओळीत पाथ पूर्ण लिहायचा, तिसरीत 'सीडी' करून योग्य फोल्डरमध्ये जायचं. पाथ क्रॉनटॅबच्या वरच्या भागातही देता येतो, पण तिथे डॉलरचं चिन्ह घालून जुना पाथ जोडायला जाऊ नये. क्रॉनटॅब व्हेरिएबल उलगडत नाही, डॉलरसकट अक्षरं जशीच्या तशी ठेवतो. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून वर चढवली असेल तर ओळींच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर येतं आणि 'बॅड इंटरप्रिटर' अशी तक्रार दिसते. 'डॉसटूयुनिक्स' चालवलं की ते जातं.

तक्रार दिसते म्हणालो, पण कुठे दिसते? कमांडने पडद्यावर जे काही लिहिलं असतं ते क्रॉन मेल करून पाठवतो, त्या युजरला किंवा 'मेलटू'मध्ये दिलेल्या पत्त्यावर. मेल पाठवणारा प्रोग्रॅम मशीनवर असेल तर. नव्या क्लाउड सर्व्हरवर बहुधा तो नसतोच, आणि मग डेबियनच्या सिस्टम लॉगमध्ये एक ओळ येते की मेलची व्यवस्था नाही, आउटपुट टाकून दिलं. म्हणजे चुकीचा संदेश निघाला होता, आणि कचऱ्यात गेला. म्हणून आउटपुट फाइलमध्ये वळवावं: '>> /होम/लेखा/लॉग/बॅकअप.लॉग २>&१'. इथे क्रम महत्त्वाचा. '२>&१' आधी लिहून फाइल नंतर दिली तर चुका फाइलमध्ये न जाता जुन्याच वाटेने जातात. इंटरनेटवरच्या अर्ध्या उदाहरणांत शेवटी '/डेव्ह/नल' जोडलेलं असतं, म्हणजे सगळं समुद्रात. मेलचा त्रास नको म्हणून लोक ते जोडतात, आणि वर्षभराने काम का बंद पडलं हे शोधताना हाती एक अक्षर लागत नाही. स्क्रिप्ट यशस्वी झाली तर गप्प राहावी, बिघडली तरच बोलावी. एवढं पाळलं तर मेलचा त्रास मुळातच होत नाही, आणि आलेला प्रत्येक मेल वाचला जातो.

आता बॅकअपच्या स्क्रिप्टकडे जवळून बघू, कारण स्मरणशक्ती नसण्याचा सगळ्यात मोठा फटका तिथे बसतो. नेहमीची स्क्रिप्ट दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत डेटाबेस उतरवून घेणाऱ्या 'मायएसक्यूएलडंप'चं आउटपुट पाइपमधून 'जीझिप'ला देऊन आजच्या तारखेची फाइल करायची. दुसऱ्या ओळीत 'फाइंड'ला '-एमटाइम +७ -डिलीट' देऊन जुन्या फायली उडवायच्या. दिसायला काहीच वावगं नाही.

एक दिवस डेटाबेसचा पासवर्ड बदलला जातो. 'मायएसक्यूएलडंप' लगेच नकार मिळून बंद होतो, पाइपमध्ये काहीच येत नाही. 'जीझिप' मात्र प्रामाणिकपणे त्या 'काहीच नाही'ची झिप फाइल करतो. ती बरोबर २० बाइटची असते: दहा बाइट शीर्षाचे, दोन रिकाम्या मजकुराचे, आठ शेवटच्या पडताळणीचे. शेलच्या लेखी पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, आणि 'जीझिप' तर यशस्वी झाला. मग दुसरी ओळ चालते आणि सर्वांत जुनी फाइल उडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा २० बाइट, पुन्हा एक खरी फाइल कमी. '+७' याचा अर्थ सात पूर्ण दिवसांहून जास्त, म्हणजे किमान आठ दिवस जुनी फाइल. त्यामुळे आठ-नऊ दिवसांत फोल्डरमध्ये एकही खरा बॅकअप उरत नाही. फायलींची नावं नीट, तारखा नीट, रोजची फाइल हजर. कुणी नुसती यादी बघितली तर समाधानच वाटेल.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. स्क्रिप्टच्या वर 'सेट -इ' आणि 'सेट -ओ पाइपफेल', म्हणजे पाइपमधला कुणीही पडला तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल. फाइल आधी '.पार्ट' अशा शेपटीने लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच 'एमव्ही'ने खरं नाव द्यायचं, म्हणजे अर्धवट फाइल कधी पूर्ण फायलीच्या नावाने मिरवणार नाही. 'मायएसक्यूएलडंप' काम पुरं झालं की शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' असं लिहितो. 'झेडकॅट' आणि 'टेल'ने ती ओळ आहे का बघायची. आकार कालच्या फायलीच्या निम्म्याहून कमी असेल तर ओरडायचं. आणि जुन्या फायली पुसायच्या त्या हे सगळं पार पडल्यावरच. माझ्या मते या सगळ्यात हा क्रम सर्वांत मोलाचा आहे: बाकी तपासण्या राहिल्या तरी, नवा बॅकअप नक्की झाल्याशिवाय जुना पुसू नका.

दुसरी विसरभोळी गोष्ट म्हणजे एकावर एक चढणारी कामं. दर पाच मिनिटांनी चालणारी, एरवी ४० सेकंदांत आटोपणारी स्क्रिप्ट एखाद्या दिवशी नेटवर्क मंदावल्यामुळे १२ मिनिटं घेते. तेवढ्यात क्रॉनने दुसरी आणि तिसरी सुरू केलेली असते. तिघी एकाच डेटाबेसवर, म्हणून तिघीही आणखी मंद, मग चौथी. इथे 'फ्लॉक' ही कुलूप लावणारी कमांड वापरायची: 'फ्लॉक -एन /रन/लॉक/यादी.लॉक' आणि पुढे मूळ कमांड. कुलूप आधीच कुणाकडे असेल तर '-एन'मुळे नवी स्क्रिप्ट वाट न बघता परत जाते. काही जण स्वतःच एक खुणेची फाइल तयार करतात आणि शेवटी पुसतात. मधेच मशीन बंद पडलं तर ती खूण तशीच राहते आणि काम कायमचं अडकतं. 'फ्लॉक'चं कुलूप कर्नल सांभाळतो, प्रोसेस मेली की ते आपोआप सुटतं. मागे राहिलेली रिकामी फाइल निरुपद्रवी असते. पण स्क्रिप्ट मेलीच नाही, नुसती लटकून राहिली, तर कुलूपही लटकतं. म्हणून आत 'टाइमआउट'ही हवा: 'टाइमआउट -के १एम १०एम' म्हणजे दहा मिनिटांनी थांबायला सांगा, आणखी मिनिटभरात नाही थांबली तर मारा.

अडीच वाजता मशीनच बंद असेल तर? क्रॉन सकाळी उठून 'रात्रीचं राहिलं की' असं म्हणत नाही. ज्या ऑफिसात संध्याकाळी मेन स्विच पाडूनच घरी जायची पद्धत आहे, किंवा जिथे रात्री वीज जाते आणि यूपीएस अर्धा तासही धरत नाही, तिथे रात्रीचं काम लावणं म्हणजे काम न लावणं. अशा ठिकाणी ॲनाक्रॉन बरा. तो वेळ बघत नाही, शेवटचं काम कधी झालं त्याची तारीख '/व्हार/स्पूल/ॲनाक्रॉन'मध्ये ठेवतो आणि मुदत उलटली असेल तर मशीन सुरू झाल्यावर काही मिनिटांनी उरकून घेतो. म्हणजे क्रॉनकडे नसलेली आठवण त्याच्याकडे आहे, पण तारखेपुरतीच. तासातासाची कामं त्याला जमत नाहीत.

रात्री बाराच्या ठोक्याला काम लावण्याची सवयही सोडावी. सगळेच तसं लावतात, आणि एका मशीनवरच्या दहा साइट्स एकाच सेकंदाला डिस्कवर तुटून पडतात. डेबियनची स्वतःची '/ईटीसी/क्रॉनटॅब' उघडून बघा: तासाचं काम १७व्या मिनिटाला, रोजचं ६:२५ ला, आठवड्याचं ६:४७ ला, महिन्याचं ६:५२ ला. आडनिडे आकडे मुद्दाम घेतलेले. वेबसाइटची सर्टिफिकेटं सांभाळणाऱ्या सर्टबॉटची डेबियनमधली क्रॉनची ओळ तर दर १२ तासांनी उठून आधी शून्य ते ४३,२०० सेकंदांत कितीही वेळ, नशिबाने येईल तेवढा, झोपते आणि मग सर्टिफिकेट नूतनीकरणाचं बघते, म्हणजे जगभरचे सर्व्हर एकाच क्षणी दारात उभे राहत नाहीत. गिटहबच्या वेळापत्रकी कामांनाही तासाच्या सुरुवातीला उशीर होतो, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तीन वाजून सात मिनिटं ही वेळ बारापेक्षा केव्हाही चांगली.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक कंसातली गोष्ट. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन खरा क्रॉन नाही. कुणी साइट उघडली की तो तेवढ्यापुरता जागा होतो. पहाटे पाचला प्रसिद्ध व्हायचा दिवाळी अंकातला लेख सात वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही तर सातलाच दिसतो. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मध्ये तो बंद करून होस्टिंगच्या सीपॅनेलमधून दर दहा मिनिटांनी 'डब्ल्यूपी-क्रॉन.पीएचपी' चालवायचा. एवढं पुरतं.

काही बारीकसारीक, पण रात्रीची झोप उडवणाऱ्या गोष्टी. 'क्रॉनटॅब -ई' म्हणजे दुरुस्त करा, 'क्रॉनटॅब -आर' म्हणजे न विचारता सगळी यादी पुसा, आणि कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी आहेत. यादी एका फाइलमध्ये ठेवून, ती गिटमध्ये घालून, 'क्रॉनटॅब फाइलचं-नाव' असं देऊन चढवावी. मग चुकून पुसली तरी दोन सेकंदांत परत येते. '/ईटीसी/क्रॉन.डी'मधल्या फायलींत पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लागतं. ते विसरलं की कमांडचा पहिला शब्दच युजर समजला जातो. आणि डेबियनवर '/ईटीसी/क्रॉन.डेली'त ठेवलेल्या फायलीच्या नावात टिंब चालत नाही. 'बॅकअप.एसएच' तिथे ठेवली तर ती कधीही चालत नाही, चूकही दाखवत नाही. नाव नुसतं 'बॅकअप' ठेवायचं आणि 'रन-पार्ट्स --टेस्ट' देऊन ती यादीत येते का बघायचं.

लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे टायमर आता सगळीकडे आले आहेत आणि यातल्या बऱ्याच उणिवा ते भरून काढतात: राहून गेलेलं काम उठल्यावर करणं, विखुरलेली सुरुवात, वेळेच्या ओळीतच टाइमझोन, एक चालू असताना दुसरं सुरू न होणं, आणि आउटपुट आपसूक जर्नल नावाच्या लॉगमध्ये. 'सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर' तर लिहिलेल्या वेळेचा अर्थ आणि पुढची खरी वेळ सांगतो, हे क्रॉनमध्ये असायला हवं होतं. बदल्यात एका ओळीच्या जागी दोन फायली लिहाव्या लागतात. पैशांचा किंवा डेटाचा प्रश्न असेल तिथे मी टायमर घेईन. लॉग साफ करण्यासारख्या किरकोळ कामाला क्रॉनची एक ओळ पुरेशी आहे.

दोन्हींत एक गोष्ट मात्र बाहेरूनच करावी लागते. काम बिघडलं तर निरोप येईल अशी व्यवस्था सगळे करतात. काम सुरूच झालं नाही तर निरोप पाठवायलाही कुणी नसतं. म्हणून उलटी पद्धत लावायची: स्क्रिप्टच्या शेवटी, सगळं नीट झाल्यावरच, 'कर्ल'ने एका बाहेरच्या पत्त्यावर टकटक करायची. हेल्थचेक्ससारख्या सेवा ठरल्या वेळेत ती टकटक आली नाही तर आपल्याला कळवतात. रोजच्या अडीचच्या बॅकअपला २४ तास आणि वर तासाभराची सवलत ठेवली तर पहाटे साडेतीनच्या सुमाराला निरोप येतो, आठवड्याने ऑडिटर विचारायला येण्याआधी.

काम सुरूच न होण्याची कारणं स्क्रिप्टच्या आत क्वचितच असतात. डिस्क भरते. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं नसतं. किंवा ती यादी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असते: त्याच्या पासवर्डची मुदत संपते, पॅम हा लिनक्सचा खाती तपासणारा पहारेकरी त्या खात्याला दारातच अडवतो, आणि लॉगमध्ये 'ऑथेंटिकेशन टोकन आता वैध नाही' एवढीच ओळ राहते. म्हणून कुणाचंही खातं बंद करायच्या आधी रूटने 'क्रॉनटॅब -यू त्याचं-नाव -एल' द्यायचं, आणि जे निघेल ते कामासाठी वेगळ्या काढलेल्या, पासवर्ड नसलेल्या खात्याच्या नावावर हलवायचं. प्रत्येक ओळीच्या वर एक टिपणी असावी: हे काम कशासाठी, कुणी सांगितलं म्हणून, आणि थांबवलं तर कुणाला फोन येईल.